७७७ हा उपाय नव्हे!

लॅबच्या शेअर्ड फोल्डरवर ‘परमिशन डिनाइड’ दिसलं की आपल्याकडे एकच रामबाण उपाय सुचवला जातो : ‘सीएचमॉड ७७७ मार आणि मोकळा हो!’ सीनियर्स ज्युनियर्सना सांगतात, ज्युनियर्स पुढच्या बॅचला. माझं स्पष्ट मत आहे की हा प्रकार रोगापेक्षा इलाज भयंकर असा आहे.

७७७ म्हणजे काय? मालक, ग्रुप आणि बाकी सगळे, या तिघांनाही वाचायची, लिहायची आणि आत शिरायची मुभा. शिवाय युनिक्समध्ये फाइल डिलीट करता येईल की नाही, हे त्या फाइलवर नव्हे तर फोल्डरवर ठरतं. म्हणजे तिथपर्यंत पोचणारा कोणीही तुमचा फायनल इयरचा कोड उडवू शकतो, फाइल ‘रीड ओन्ली’ असली तरी! आणि एवढं करून मूळ दुखणं तसंच. पार्टनरने उद्या नवी फाइल बनवली की ती सहसा त्याच्याच प्रायमरी ग्रुपची होते, आणि यूमास्क ०२२ असेल तर इतरांना ती फक्त वाचता येते. की पुन्हा ७७७!

मग करायचं काय? क्रमाने बघायचं. आधी ‘आयडी’ कमांड देऊन आपण खरंच त्या ग्रुपमध्ये आहोत का ते पाहा. नाव आजच घातलं असेल तर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा, कारण चालू सेशनला नवा ग्रुप कळत नाही. मग फोल्डरचा ग्रुप बरोबर करून त्याला २७७५ द्या. पुढच्या २ मुळे आतली प्रत्येक नवी फाइल फोल्डरच्याच ग्रुपची होते. सोबत यूमास्क ००२ हवा, पण प्रत्येकाचा प्रायमरी ग्रुप वेगळा असेल तरच. अख्ख्या वर्गाचा एकच असेल, तर तुमच्या बाकीच्या नव्या फाइल्सवरही वर्गाला लिहायची परवानगी मिळेल.

हे सगळं करूनही अडलं, तर दोष बहुधा विद्यार्थ्याचा नसतो. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली आणलेल्या एनएफएसच्या नेहमीच्या ऑथ-सिस पद्धतीत क्लायंट सर्व्हरला ग्रुपचं नाव नव्हे, नंबर पाठवतो. दोन मशीनवर एकाच ग्रुपचे नंबर वेगळे असले की गोंधळ झालाच! दुसरी गंमत म्हणजे प्रायमरी सोडून जास्तीत जास्त १६ ग्रुप पाठवता येतात. सतरावा गुपचूप गळतो. ‘आयडी’ म्हणतं तुम्ही ग्रुपमध्ये आहात, सर्व्हर म्हणतो नाही. बिचारा युजर वेडा होतो!

म्हणून स्टाफलाही एक विनंती. दरवर्षी प्रोजेक्टचे नवे ग्रुप बनवताना जुने काढूनही टाका. सगळ्याच ग्रुपमध्ये नाव असलेल्या लॅब असिस्टंटला हा फटका आधी बसतो. लिनक्स सर्व्हरवर माउंटडीला ‘मॅनेज-जीआयडीज’ हा ऑप्शन दिला, तर सर्व्हर स्वतःच्या यादीतून ग्रुप शोधतो आणि १६ ची अडचण उरत नाही. अर्थात ती यादी मग नीट ठेवावी लागते.

काहीजण म्हणतील, सबमिशन उद्यावर आलंय, एवढं बघायला वेळ कुणाला? पण नेमक्या त्याच रात्री फोल्डर रिकामा झाला, तर विचारायचं कुणाला? ग्रुपमध्ये चार नावं असतात, त्या चौघांना विचारता येतं. ७७७ मध्ये सगळेच मालक, म्हणजे जबाबदार कोणीच नाही. तेव्हा मित्रांनो, लॅबमध्ये ७७७ मागू नका, हक्काने ग्रुप मागा. बघा पटतंय का!