दुखत नाही म्हणून थांबावे काय?

बैलाच्या जबड्यावर दगडासारखी टणक गाठ दिसली, की आमचा शेतकरी लागलीच जनावरांच्या डॉक्टरला गाठतो. काटेरी, राठ चाऱ्याने तोंडात जखम होते, तीतून जंतू हाडात शिरतात. १८७७ सालीच या जंतूला नाव मिळाले. मात्र स्वतःचा गाल एका बाजूने फुगला, तर तोच गृहस्थ ‘दुखत तर नाही ना?’ म्हणून सुगी संपेपर्यंत थांबतो. हा हिशेब आम्हांला पटत नाही.

माणसाच्या जबड्यातील गाठी बैलाच्या रोगाहून निराळ्या. पुष्कळशा साध्या असतात. किडून मेलेल्या दाताच्या मुळाशी किंवा न उगवलेल्या अक्कलदाढेभोवती पाण्याची पिशवी धरते. पण काही दुर्मिळ गाठीही याच वेषात येतात. अमेलोब्लास्टोमा ही त्यांपैकी एक. दात घडविणाऱ्या पेशींच्या कुळातली ही गाठ बहुधा खालच्या जबड्यात, दाढांच्या बाजूला, वर्षानुवर्षे न दुखता वाढते. ती सहसा कर्करोग नसते, तरी हाड पोखरते; आणि नुसती खरवडून काढली तर हरळीसारखी पुष्कळदा पुन्हा उगवते. केराटोसिस्ट त्याहून लबाड. ती हाडाच्या लांबीने आतल्या आत पसरते, बाहेर सूजही फारशी दिसत नाही. तिच्याविषयी जाणकारांचेही मत बदलत गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत २००५ साली ती अर्बुदांत गेली, २०१७ साली परत पिशव्यांत आली.

एक्स-रे हवाच, पण त्यात या साऱ्या काळ्या पोकळ्याच दिसतात. म्हणून डॉक्टर दात जिवंत आहे की मेलेला ते पाहतात. जिवंत दाताच्या मुळाशी पोकळी असेल तर संशय अधिक. निकाल मात्र तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच लागतो. ‘सुरी लागली की गाठ चवताळते’ या भीतीने कित्येकजण तुकडा काढू देत नाहीत आणि पाल्याचे लेप लावीत बसतात. तेवढ्यात हाड पोकळ होते.

आमचे म्हणणे असे, की दाढेबरोबर निघालेली पिशवी बादलीत जाऊ देऊ नये. ती तपासणीला पाठवा, असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे; विचारण्यात संकोच कसला? रिपोर्ट आणि एक्स-रे जमिनीच्या उताऱ्याबरोबर जपून ठेवावेत, कारण गाठ कैक वर्षांनीही परतते.

ओठ बधिर झाला, धड दात हलू लागले किंवा बसणारी कवळी एकाएकी बसेनाशी झाली, तर मळणी दुसऱ्यावर सोपवून याच आठवड्यात दवाखाना गाठावा.