पनीर नको, बिरडे वाढा

दिवेआगरला दुपारच्या पानात उकडीचे मोदक हवे असतील तर सकाळीच सांगून ठेवावे लागते. माणसे किती, मोदक किती, हे घरात कळले की मग नारळ फोडला जातो, उकड काढायला घेतात. एकच्या सुमारास ताटे वाढली जातात. तीन वाजता गाडीतून उतरून ‘जेवायला काय आहे?’ विचारणाऱ्याला काही मिळत नाही, आणि ते योग्यच आहे.

मी नवी मुंबईत राहतो. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात आमचा गाळा आहे. रविवारला जोडून सुट्टी आली की आम्ही नवरा-बायको पनवेल, पेण, माणगाव, म्हसळा करत रायगडच्या किनाऱ्यावर, दिवेआगरला मुक्कामाला जातो. बायकोला समुद्र हवा असतो. मी जेवायला जातो, आणि हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही.

आम्ही उतरतो ते घर सुपारीच्या वाडीत आहे. मागच्या बाजूला पाहुण्यांच्या चार खोल्या, पुढे पडवीत जेवणाची टेबले. ताटात वालाचे बिरडे, केळफुलाची भाजी, आमसुलाचे सार, पोह्याचा पापड, घरचे लोणचे. फणसाचे दिवस असले तर कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी. या ताटामागे किती हात असतात ते स्वयंपाकघरात डोकावल्याशिवाय कळत नाही. वाल भिजवायचे, मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. पंधरा पानांचे वाल सोलण्यात दोन बायकांची सकाळ जाते. भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर हा वाल येतो. म्हणजे त्या वाटीत त्या गावची माती, पाऊस आणि बायकांची मेहनत एकत्र असते. अशी वाटी मला सीवूड्सच्या मॉलमध्ये कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही.

माझी मुलगी फ्रान्समध्ये तुलूझला नोकरी करते. तिच्याकडे गेलो तेव्हा तिने आम्हाला ओब्राकच्या पठारावर लायोल नावाच्या गावी नेले. गावाबाहेरच्या टेकडीवर मिशेल ब्रास यांनी उभारलेले प्रसिद्ध हॉटेल आहे. १९९९ साली त्याला मिशलँचे तीन तारे मिळाले. त्यांचा सर्वांत गाजलेला पदार्थ, गारगुयू, त्या भागातल्या शेतकऱ्यांच्या साध्या बटाट्याच्या पदार्थावरून घडलेला आहे. आम्ही मात्र खाली, एका कुटुंबाच्या छोट्या मुक्कामाच्या घरात राहिलो. रात्री एकच पदार्थ होता : आलिगो. उकडून घोटलेला बटाटा, लसूण, लोणी आणि तिथल्या गाईच्या दुधाचे ताजे, न मुरलेले चीज. मोठ्या पातेल्यात लाकडी उलथन्याने घोटत राहायचे, तारा निघेपर्यंत. जन्मभर बटाट्याची पोती उतरवून घेतलेल्या माणसाला बटाट्याचा एवढा मान बघून काय वाटले असेल, त्याची कल्पना वाचकांनीच करावी. दुसरे काही मागायची सोय नव्हती आणि मागावेसे कोणाला वाटलेही नाही.

हे आपोआप टिकलेले नाही. डोंगरावरच्या झोपड्यांत चीज करणारे कमी होत गेले तेव्हा १९६० साली तिथल्या तरुण शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली. पुढच्याच वर्षी लायोलच्या चीजला उगमस्थानाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. राहण्याच्या सोयीचेही तसेच. दुसऱ्या महायुद्धानंतर खेडी ओस पडू लागली तेव्हा एमिल ओबेर या लोकप्रतिनिधीने पडीक शेतघरे दुरुस्त करून शहरी पाहुण्यांना भाड्याने देण्याची कल्पना मांडली. १९५१ साली असे पहिले घर उघडले, १९५५ साली त्यांचा महासंघ झाला. कुटुंबाने आपल्या घरातच खोल्या द्यायच्या असतील तर आज तिथला नियम आहे : जास्तीत जास्त पाच खोल्या, पंधरा पाहुणे. जेवण द्यायचे तर ते फक्त मुक्कामाच्या पाहुण्यांना, घरच्या टेबलावर, आणि मेन्यू एकच. मला हा ‘एकच’ फार महत्त्वाचा वाटतो. निवड नसल्यामुळेच त्या घराला बाजारातून वीस प्रकारचे गोठवलेले जिन्नस आणून ठेवावे लागत नाहीत.

आपल्याकडे काय होते? गेल्या हिवाळ्यात माझ्या शेजारच्या टेबलावर ठाण्याचे एक कुटुंब बसले होते. ताट आले तसे गृहस्थांनी विचारले, ‘वहिनी, पनीरचे काही नाही का? मुले हे खात नाहीत.’ वहिनी ओशाळल्या. म्हणाल्या, ‘उद्या आणून ठेवते हो.’ आणि दुसऱ्या दिवशी खरोखर माणगावहून पनीर आले. पाहुण्याला नाही म्हणणे त्या घराला जड जाते, म्हणून दोष मी त्यांना देत नाही. दोष मागणाऱ्याचा आहे. एक पाहुणा पनीर मागतो, दुसरा मंचुरियन, तिसरा पोहण्याचा तलाव. पाच-सहा वर्षांत त्या घराचे रिसॉर्ट होते, वाडीतल्या सुपारी तोडून तिथे निळ्या फरशीचा हौद होतो, वाल सोलणाऱ्या दोघींचे काम जाते. अशी घरे मी एकामागून एक बदलताना पाहिली आहेत.

माझ्या धंद्यातले उदाहरण देतो. अलिबागचा पांढरा कांदा भातानंतरच्या ओलीवर लावतात. खंडाळे, कार्ले या गावांतला हा कांदा चवीला गोडसर, तिखटपणा कमी. काढला की पातीसकट वेणी घालून माळा करतात. २०२२ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण रस्त्याकडेला त्याच नावाने भलताच पांढरा कांदाही विकला जातो आणि गाडी थांबवून घेणाऱ्याला फरक कळत नाही. कळणार तरी कसा? ज्याने तो कांदा त्याच्या गावी बसून, भाकरीबरोबर, बुक्कीने फोडून खाल्ला आहे त्यालाच कळेल. मानांकनाच्या कागदापेक्षा शंभर शहाणे पाहुणे त्या कांद्याचे जास्त रक्षण करतील. पेण-अलिबागच्या खारपट्ट्यातल्या तळ्यांतला जिताडा मासा, थंडीतली भांबुर्ड्याच्या पाल्यात शिजलेली पोपटी, श्रीवर्धनची रोठा सुपारी, सगळ्यांबद्दल हेच म्हणता येईल.

आणि या घरांना पाहुण्यांची गरज किती खरी आहे ते ३ जून २०२० नंतर दिसले. निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारी आणि नारळाच्या बागा आडव्या केल्या. सुपारीचे नवे झाड फळायला पाच-सात वर्षे जातात. तोवर घर चालले ते चार खोल्या आणि एका चुलीवर. त्याआधी १९९७ साली दिवेआगरच्या वाडीत सोन्याचा गणपती सापडला तेव्हा भाविकांची रीघ लागली आणि घरोघरी पाने वाढली जाऊ लागली. २०१२ साली दोन पहारेकऱ्यांचे खून करून ती मूर्ती दरोडेखोरांनी नेली. तरीही पाहुणे येत राहिले. तोवर त्या गावच्या जेवणाची कीर्ती झाली होती.

आता अटल सेतू झाला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी आमच्या उलव्याला विमानतळाचे उद्घाटनही झाले. जगभरचे प्रवासी रायगडच्या दारात उतरणार. त्यांना काय वाढायचे, हा प्रश्न पर्यटन खात्याने आत्ताच हाती घ्यावा. राज्याने २०२० साली कृषी पर्यटन धोरण मंजूर केले, ते चांगलेच झाले. पण निवास-न्याहारीच्या आणि कृषी पर्यटनाच्या नोंदणीत खोल्या, स्वच्छतागृह, वाहनतळ यांच्याइतकाच ताटाचाही विचार हवा. फ्रान्सने २०१४ साली हॉटेलात जागेवरच कच्च्या जिनसांपासून रांधलेल्या पदार्थांसाठी छप्पर असलेल्या पातेल्याचे चिन्ह ठरवले. तसे एखादे चिन्ह इथल्या घरांना द्या. जे घर स्थानिक धान्य, भाजी, मासळी रांधते आणि लहानच राहते, त्याला वीजदरात, पाणीपट्टीत, कर्जाच्या व्याजात सवलत द्या. मोठ्या रिसॉर्टांना स्वतःची काळजी घेता येते.

वाचकांना एवढीच विनंती. खोली ठरवताना वातानुकूलन आहे का हे विचारा, हरकत नाही. पण त्याच फोनवर ‘या दिवसांत तुमच्याकडे काय रांधता?’ हेही विचारा. जे सांगतील तेच करायला सांगा, मुलांनाही तेच वाढायला सांगा, आणि वेळेवर पोहोचा.