आधी लहर, मग शस्त्र

संरक्षण दलांना लागणाऱ्या स्पेक्ट्रमचा प्रश्न दर लिलावापूर्वी उफाळतो आणि लिलाव संपला की विसरला जातो. ही वाटणी एकदाच करून संपणारी नाही, हे दिल्लीतील दोन मंत्रालयांनी आता मान्य करायला हवे.

दिल्लीच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरणाऱ्या काही विमानांना उपग्रहाधारित दिशादर्शनात फसवे संकेत मिळाले, अशी कबुली केंद्रीय नागरी हवाई वाहतूकमंत्र्यांनी १ डिसेंबर २०२५ रोजी राज्यसभेत दिली. ही विमाने धावपट्टी क्रमांक १० कडे येत होती. वैमानिकांनी पर्यायी पद्धती वापरल्या, विमाने सुखरूप उतरली. फसव्या संकेतांचा उगम शोधण्याचे काम दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे सोपवण्यात आले. अमृतसर आणि जम्मूच्या सीमाभागात असे प्रकार नवे नाहीत. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात तेथे अशा ४६५ घटना नोंदल्या गेल्याचे लोकसभेत सांगण्यात आले होते. परंतु राजधानीच्या मुख्य विमानतळावर तसे घडणे, ही बाब निराळी होती. डोळ्यांना न दिसणारा आणि नकाशावर न उमटणारा एक प्रदेश आपल्या सुरक्षेचा भाग आहे, हे त्यामुळे सर्वांच्या ध्यानात आले.

त्याआधी सहा महिने, ८ आणि ९ मे २०२५ च्या मध्यरात्री, पाकिस्तानने लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन धाडले, असे लष्कराने अधिकृतपणे सांगितले. त्यांतील अनेक पाडले गेले. काही तोफांनी, तर काही संपर्क तोडून वा दिशाभूल करून. हा दुसरा मार्ग रेडिओलहरींचा आहे. स्वस्त ड्रोन बहुधा ज्या लहरपट्ट्यांत बोलतात, ते २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्‌झचे पट्टे आपल्या घरातल्या वाय-फायचेही आहेत. म्हणजे शत्रूचे यंत्र, आपले रडार, वैमानिकाचे उपकरण आणि गृहिणीचा मोबाइल एकाच आकाशात, कधी शेजारच्या तर कधी त्याच पट्ट्यात वावरत असतात. राजधानी परिसरात तर हे शेजार अगदी दाटीचे आहे. पालम आणि हिंडन हे हवाई दलाचे दोन तळ, त्यांना खेटून नागरी विमानसेवा, आणि सभोवती गुरुग्राम ते गाझियाबाद पसरलेले मोबाइल मनोऱ्यांचे जंगल. पुण्याच्या लोहगावचे चित्र याहून फार वेगळे नाही.

लष्कर या लहरी अडवून बसले आहे, अशी तक्रार दूरसंचार उद्योगाच्या बैठकांत नित्य ऐकू येते. देशाच्या सुरक्षेपेक्षा तिजोरीची चिंता मोठी झाली आहे, असे प्रत्युत्तर गणवेशधारी देतात. दोन्ही विधानांत तथ्यांश आहे. हा वाद मिटत नाही याचे कारण मात्र आपल्या कारभाराच्या इतिहासात दडले आहे.

बिनतारी संदेशवहनावर राज्यसत्तेचा ताबा असावा, हा विचार ब्रिटिशांचा. १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा ही त्याची दोन चौकटी रूपे. परवान्याविना यंत्र बाळगणे हाच गुन्हा ठरवणाऱ्या दुसऱ्या कायद्याची खरी कसोटी मुंबईत लागली. २७ ऑगस्ट १९४२ रोजी उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलू लागले. सरकारने ते प्रक्षेपण आवाजाखाली गाडण्याचा प्रयत्न केला, दिशाशोधक यंत्रे फिरवली. केंद्र जागा बदलत राहिले. १२ नोव्हेंबरला ते पकडले गेले, तेही एका तंत्रज्ञाने पोलिसांना माहिती दिल्यावर. युद्धकाळातले साम्राज्य एका शहरातल्या एका यंत्राचा माग अडीच महिने काढत होते. पारतंत्र्यातला तो लढा आपल्याला अभिमानास्पद आहे. प्रशासनाने त्यातून घेण्याचा धडा एवढाच, की कायद्याने लहरींची मालकी मिळते, परंतु त्यांच्यावरची पहाऱ्याची नजर वेगळी कमवावी लागते.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये वायरलेस नियोजन आणि समन्वय शाखा स्थापन झाली. त्या काळी मागणारे थोडे होते. लष्कर, रेल्वे, आकाशवाणी, पोलीस, विमानसेवा. सैन्याला हवी ती कंप्रता मिळाली आणि तिच्यावर यंत्रे बसली. नव्वदच्या दशकात मोबाइल आला तेव्हा उमगले, की जगभर ज्या पट्ट्यांत हे नवे यंत्र बोलते, त्यांतील मोक्याच्या जागी आपल्याकडे संरक्षण दलांचे बस्तान आहे. तेथून पुढचा इतिहास हा सौद्यांचा इतिहास आहे.

२००९ च्या मे महिन्यात संरक्षण मंत्रालय आणि दूरसंचार विभाग यांच्यात सामंजस्य करार झाला. सैन्याने टप्प्याटप्प्याने स्पेक्ट्रम सोडायचा आणि त्या बदल्यात त्याला ऑप्टिकल फायबरचे स्वतंत्र जाळे विणून द्यायचे. सुटलेल्या लहरींच्या बळावर २०१० मध्ये थ्रीजीचा लिलाव झाला. सरकारला ६७,७१९ कोटी रुपये मिळाले. पैसा तिजोरीत काही आठवड्यांत आला, परंतु सैन्याच्या जाळ्याला वर्षे लागली. त्या प्रकल्पासाठी जुलै २०१२ मध्ये १३,३३४ कोटी रुपये मंजूर होते. मे २०१८ मध्ये मंत्रिमंडळाला त्यात आणखी ११,३३० कोटींची भर घालावी लागली. मोबदला आधी आणि पर्यायी घर नंतर, हा अनुभव आला की पुढल्या वेळी कोणताही भाडेकरू खोलीची किल्ली सहज देत नाही. सैन्याच्या ताठरपणाकडे पाहताना हा क्रम विसरून चालणार नाही.

२०१५ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने आणखी एक पाऊल टाकले. संरक्षणासाठी राखीव पट्टा आणि सीमेलगतचे संरक्षण हितक्षेत्र निश्चित करण्याला मान्यता दिली, आणि २१०० मेगाहर्ट्‌झमधील १५ मेगाहर्ट्‌झच्या बदल्यात सैन्याला १९०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा देऊ केला. ही अदलाबदल शहाणपणाची होती. पण तीन वर्षांतच फाइव्हजीसाठी ३३०० मेगाहर्ट्‌झपासून वरचा पट्टा ट्रायने सुचवला आणि वाद नव्याने पेटला. त्यातले पहिले १०० मेगाहर्ट्‌झ संरक्षण मंत्रालयाला हवे होते, लगतचे २५ अवकाश विभागाला. युद्धनौकांवरील अनेक रडार याच शेजारात काम करतात. वाटाघाटी लांबल्या. अखेर २०२२ मध्ये ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्‌झचा पट्टा लिलावात आला आणि त्या वर्षीच्या एकूण लिलावातून १,५०,१७३ कोटी रुपयांच्या बोली लागल्या. लागलीच नोव्हेंबरमध्ये दूरसंचार विभागाला कंपन्यांना कळवावे लागले, की विमानतळांच्या धावपट्टीच्या टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटर परिसरात या पट्ट्याची केंद्रे उभारू नका. विमानांची जमिनीपासूनची उंची मोजणारे यंत्र ४२०० ते ४४०० मेगाहर्ट्‌झमध्ये चालते, ही गोष्ट लिलावाआधीही सर्वांना ठाऊक होती.

या साऱ्या घटनांत एक समान दोष दिसतो. आपण स्पेक्ट्रमकडे जमिनीसारखे पाहतो. सातबारा काढायचा, हद्द आखायची, कुंपण घालायचे. लहरी मात्र हद्द पाळत नाहीत आणि वापरून संपतही नाहीत. पहाटे तीनला लष्कराच्या सराव मैदानावर जो पट्टा लागतो, तो त्याच क्षणी चारशे किलोमीटरवरच्या बाजारपेठेत कुणालाही वापरता येतो. म्हणून प्रश्न मालकीचा कमी आणि वेळ, स्थळ व शक्ती यांच्या रोजच्या नियोजनाचा अधिक आहे.

दुसरी अडचण यंत्रांच्या आयुष्याची आहे. मोबाइल तीन-चार वर्षांत बदलतो. रडार वा युद्धनौकेवरील संदेशयंत्रणा तीस वर्षे चालते आणि ती कोणत्या कंप्रतेवर बोलेल हे तिच्या घडणीतच ठरलेले असते. त्यात आपली शस्त्रसामग्री अनेक देशांची. रशियाची एस-४००, फ्रान्सचे राफेल, अमेरिकेचे पी-८आय, इस्रायलचे हेरॉन, शिवाय स्वदेशी यंत्रे. प्रत्येक देशाने आपापल्या लहरवाटपाला अनुसरून ती बनवली. ती येथे आल्यावर एकमेकांशी आणि नागरी यंत्रांशी जुळवून घेणे, हे काम नंतर कुणाच्या तरी माथी येते.

जुळवून न घेतल्याची किंमत काय असते, हे ब्रिटिश नौदलाने ४ मे १९८२ रोजी अनुभवले. फॉकलंड युद्धात शेफील्ड या विनाशिकेवर अर्जेंटिनाचे एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळले आणि २० नौसैनिक मरण पावले. त्या वेळी जहाजाची उपग्रह-संदेशयंत्रणा चालू होती, आणि तिच्यामुळे शत्रूच्या रडारची चाहूल घेणाऱ्या त्याच जहाजावरील यंत्राला अडथळा येत होता. चुका इतरही झाल्या. परंतु एकाच जहाजावरची, एकाच सैन्याची दोन यंत्रे परस्परांच्या आड आली, ही बाब विसरता येत नाही.

अमेरिकी संरक्षण खात्याने यासाठी एक साधा शिरस्ता घातला आहे. लहरींवर चालणाऱ्या प्रत्येक यंत्राला संकल्पना, प्रयोग, विकास आणि प्रत्यक्ष वापर या चार टप्प्यांवर कंप्रतेची उपलब्धता तपासून घ्यावी लागते. यंत्र परदेशात न्यायचे असेल तर त्या यजमान देशाची संमतीही मिळवावी लागते. शस्त्र कितीही उत्तम असो, त्याला बोलायला जागा नसेल तर ते विकत घेण्यात अर्थ नाही, इतके साधे हे तर्कशास्त्र आहे. आपल्याकडे तिन्ही दलांच्या मागण्यांचा मेळ घालणारी संयुक्त यंत्रणा आहे, दूरसंचार विभागात नियोजन शाखा आहे, मोठ्या समन्वयासाठी स्थायी सल्लागार समितीही आहे. खरेदीचा प्रस्ताव मान्य होतानाच, किंमत ठरण्यापूर्वी, या सर्वांची लेखी संमती अनिवार्य करावी. ऑक्टोबर २०२५ मध्ये डीआरडीओने तिन्ही दलांसह सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रेडिओसाठी भारतीय मानक जाहीर केले. असे रेडिओ पट्टा बदलू शकतात. यापुढची शक्य तितकी यंत्रे याच जातीची असावीत.

सहवापराचाही अमेरिकेतला अनुभव पाहण्याजोगा आहे. तेथे ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा नौदलाच्या रडारचा. किनाऱ्यावर संवेदक बसवले गेले. रडार चालू असल्याची चाहूल लागताच नागरी वापरकर्त्यांना संगणकीय यंत्रणा त्या भागात दुसऱ्या कंप्रतेवर हलवते. नौदलाने पट्टा सोडला नाही, उद्योगालाही तो मिळाला. २०२० च्या आरंभापासून ही व्यवस्था व्यापारी स्वरूपात चालू आहे. आपण ती जशीच्या तशी उचलावी असे मुळीच नाही. अमेरिकेच्या किनाऱ्यावर शत्रूचे सैन्य उभे नाही, आपल्या सीमेवर आहे. शिवाय कोणते दल कुठे कोणत्या लहरीवर बोलते, याची यादी हीच शत्रूसाठी मोठी लूट ठरेल. ती खासगी कंपनीच्या संगणकावर असता कामा नये. म्हणून सीमावर्ती हितक्षेत्रात सैन्याचा निर्विवाद प्राधान्यक्रम, आणि देशाच्या अंतर्भागात, जिथे वापर तुरळक वा ठरावीक वेळचा आहे तिथे, नियंत्रित सहवापर, अशी दुहेरी रचना आपल्याला सोयीची आहे.

त्यासाठी आधी हिशेब हवा. लिलावाविना सरकारी खात्यांना दिलेल्या स्पेक्ट्रमच्या देखरेखीतील उणिवांवर महालेखापरीक्षकांनी २०२२ मध्ये संसदेसमोर आलेल्या अहवालात बोट ठेवले होते. कोणाकडे किती आहे आणि त्यातले किती वापरात आहे, याची गोपनीय पण खरी नोंद दोन्ही मंत्रालयांनी एकत्र ठेवावी आणि दर दोन वर्षांनी मंत्रिमंडळ सचिवांसमोर मांडावी. सैन्याला एखादा पट्टा सोडायला सांगितला, तर पर्यायी यंत्रणा उभी राहून तपासली गेल्यावरच तो सोडण्याची तारीख ठरावी आणि तिचा खर्च लिलावाच्या उत्पन्नातून आधीच बाजूला काढावा. वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनला माणसे, फिरती वाहने आणि अद्ययावत यंत्रे द्यावीत. लिलावातून येणाऱ्या रकमेपुढे हा खर्च नगण्य आहे.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या घटनेतील ४८ वे कलम सदस्य देशांना लष्करी रेडिओयंत्रांबाबत पूर्ण स्वातंत्र्य देते. त्याच कलमात, इतरांना हानिकारक अडथळा होऊ नये म्हणून शक्य तितके नियम पाळा, असेही बजावले आहे. स्वातंत्र्य आणि शिस्त यांची ती सांगड आपल्या २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या अंमलबजावणीतही उतरावी. हा कायदा केंद्र सरकारला जनतेच्या वतीने स्पेक्ट्रमचे मालक म्हणतो आणि राष्ट्रीय सुरक्षा व संरक्षण यांसाठी लिलावाविना वाटपाची मुभा देतो. लहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात म्हटले होते. जनतेच्या वतीने मालक असणे याचा अर्थ, सैनिकाला ऐन लढाईत लहर मिळावी आणि शांततेच्या काळात ती विनाकारण पडूनही राहू नये.

अशोक रस्त्यावरचे संचार भवन आणि रायसीना टेकडीवरचा साऊथ ब्लॉक यांच्यातले अंतर पायी अर्ध्या तासाचे. फायलींना ते कापायला वर्षे लागली आहेत. पुढचा लिलाव जाहीर होण्याआधी या दोन मंत्रालयांनी एकत्र बसून नोंद पूर्ण केली आणि खरेदीच्या पहिल्या टिपणीत लहरीचा रकाना सक्तीचा केला, तरी बरेच साधेल. सीमेवर पुढची ड्रोनची झुंड येईल तेव्हा दोन खात्यांना पत्रव्यवहार करण्याइतका अवधी मिळणार नाही.

(लेखक केंद्रीय सेवेतील निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)