दोनशे किलोचं स्वप्न आणि नवले पूल

"रोज ऑफिसला जायला आणि वीकेंडला फिरायला एकच गाडी घ्यायची आहे. मिड-साइज स्पोर्ट टूरर कशी राहील?" मित्रांपैकी कुणीतरी मला हे अधूनमधून विचारतंच, कारण अशी गाडी मी दोन वर्षं रोज चालवली आहे. माझं उत्तर ऐकून विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. म्हणून ते एकदाच नीट लिहून टाकतो. घेऊ नका. निदान साडेसहाशे सीसीची घेऊ नका. घ्यायचीच असेल तर हौस म्हणून घ्या, पण 'रोजच्या कामाला लागते' अशी स्वतःची समजूत घालू नका. मी ती घातली होती.

मी धायरीत राहतो आणि नोकरी चाकणला. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. हायवेला लागतो तो नवले पुलाशी. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून सुटलेला उतार तिथे येतो, आणि ब्रेक निकामी झालेला ट्रक पुढच्या गाड्यांवर आदळल्याची बातमी पुणेकरांना नवी नाही. तिथून वारजे, चांदणी चौक, वाकड, नाशिक फाटा, भोसरी, मोशी. आधी हे सगळं मी बाबांच्या जुन्या स्प्लेंडरवर करायचो. सत्त्याण्णव सीसी, दोन्हीकडे ड्रमब्रेक. मागून ट्रकचा हॉर्न वाजला की पळायला ताकद नाही, आणि पुढे कुणी अचानक थांबलं तर थांबायला ब्रेक नाही. त्यामुळे "कशाला हवी मोठी गाडी, स्प्लेंडर काय वाईट आहे?" म्हणणाऱ्या काकांशी माझं आजही पटत नाही. ताशी ८० च्या वेगात तुम्ही सेकंदाला २२ मीटर जाता. मेंदूने ब्रेक दाबायचं ठरवेपर्यंतच दोन ट्रकांची लांबी संपलेली असते. हायवेवर रोज जाणाऱ्या माणसाने चांगला ब्रेक, एबीएस आणि थोडी ताकद मागणं ही चैन नाही.

पण मी काय केलं? गरज ब्रेकची होती आणि विकत घेतलं स्वप्न. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत रिव्ह्यू पाहिले. सगळ्यांत तेच. पहाट, रिकामा रस्ता, लोणावळ्याचं धुकं, मागची सीट रिकामी. शेवटी एक वाक्य ठरलेलं : 'कम्यूटिंगलाही ही अगदी आरामदायी आहे.' संध्याकाळी सहा वाजता भोसरीत, पावसात, मागे बायकोला बसवून केलेला एकही रिव्ह्यू मला सापडला नाही. तुम्हाला सापडला तर मला पाठवा. मी सेकंडहँड ट्विन-सिलिंडर घेतली, वजन जवळपास दोनशे किलो, आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये महिनाभर हिरो झालो.

मग ट्रॅफिकने हिशेब मांडला. इंजिनाची उष्णता रेडिएटरमधून बाहेर जाते ती वाऱ्यामुळे. गाडी उभी राहिली की वारा थांबतो, पंखा सुरू होतो आणि ती गरम हवा थेट मांड्यांवर येते. एप्रिलमध्ये वाकडच्या चौकात मी अक्षरशः शेकून निघायचो. पहिला गिअर एवढा लांब की पंधराच्या वेगाने सरकताना क्लच सतत अर्धा धरून ठेवावा लागतो, आणि मोशीपर्यंत डावं मनगट मेलेलं असतं. हँडल कमी वळतं, त्यामुळे जिथून अ‍ॅक्टिव्हा सहज निघून जाते तिथे मी रिक्षेच्या मागे उभा. मायलेज बावीस. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर रोजचे पावणेचारशे, पंचवीस दिवसांचे साडेनऊ हजारांच्या आसपास. मऊ रबराचं मागचं टायर महिन्याला दोन हजार किलोमीटरच्या रपाट्यात वर्षही काढत नाही.

पैशांचं सोडा. पहिल्याच पावसाळ्यात वारज्याच्या सर्व्हिस रोडवर, वेग शून्य असताना, डावा पाय खडीवर टेकवला आणि तो घसरला. दोनशे किलो एकदा कलले की माणसाच्या हातात काही राहत नाही. पाय खाली अडकला. एका रिक्षावाल्या दादांनी आणि भाजीवाल्या मावशींनी गाडी उचलली. मावशी म्हणाल्या, "झेपंल तेवढीच घ्यावी की रं बाळा." त्यांना मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आजही नाहीये.

पुढच्या वर्षी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. फिजिओथेरपीला त्यांना आठवड्यातून तीनदा न्यायचं होतं. त्या गाडीची मागची सीट म्हणजे उंचावर ठेवलेला पाट. बाबांनी एकदा प्रयत्न केला, पाय अर्धा उचलला आणि खाली ठेवला. "राहू दे रे, मी रिक्षाने जातो." रागावले नाहीत, टोमणा मारला नाही. मी शेजारच्यांची अ‍ॅक्टिव्हा मागून आणली, आणि लाखो रुपयांची माझी गाडी कव्हर घालून उभी राहिली. 'एक गाडी, सगळी कामं' या वाक्याचा फोलपणा मला तिथे कळला. त्या 'सगळ्या कामां'त माझ्या घरातलं दुसरं माणूस कधी धरलंच नव्हतं.

आता टूरिंगबद्दल. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर बंदी. अटल सेतूवर बंदी. ज्या वेगासाठी आणि ज्या अंतरासाठी ही गाडी बनवली, ते महाराष्ट्रातले सगळ्यात गुळगुळीत रस्ते तिला बंद आहेत. आणि सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या दुचाकीवर जीएसटी ४० टक्के, तर छोट्या पेट्रोल कारवर १८ टक्के. म्हणजे सरकारच्या लेखी मोठी मोटरसायकल ही कारपेक्षा मोठी चैन, पण कारला मोकळा असलेला रस्ता मात्र तिला नाही. कर घेताना तुम्ही श्रीमंत, रस्ता देताना तुम्ही धोका. यावर बायकर मंडळींनी आवाज उठवायला हवा. पण आपण एक्झॉस्टच्या आवाजावर भांडत बसतो.

"मग काय घ्यावं?" माझं मत असं. रोज हायवे असेल तर तीनशे-साडेतीनशे सीसीच्या आसपास, वजन शक्यतो १७५ किलोच्या आत, सरळ हँडल, ड्युअल चॅनेल एबीएस, छातीवरचा वारा अडवेल एवढी काच. ताशी ऐंशीला ती शांत चालते, आणि आपल्याला कायद्याने व अकलेने त्यापुढे जायचंही नाही. रोजचा रस्ता शहरातलाच असेल तर त्याहून लहान घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या हेल्मेटमध्ये, जॅकेटमध्ये घाला. सीसी हा आकडा शेवटी बघा. आधी तुमच्या रस्त्यावरचा सगळ्यात संथ किलोमीटर बघा, कारण दिवसातला सर्वाधिक वेळ तुम्ही तिथेच घालवणार आहात.

टेस्ट राइड रविवारी सकाळी घेऊ नका. कामाच्या दिवशी संध्याकाळी मागा, शोरूमवाले कां-कूं करतील तरी मागा. गाडी बंद करून चढावर मागे ढकलून बघा. घरातलं जे माणूस तुमच्या मागे सगळ्यात जास्त बसणार आहे त्याला सोबत न्या, आणि त्याला बसता-उतरता येतं का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

मी ती गाडी विकली. तोटा झाला, आकडा सांगत नाही. कोल्हापूरला पहाटे जाताना, साताऱ्याच्या पुढे रस्ता मोकळा झाल्यावर ती जशी पळायची, त्याची आठवण अजून येते, हे नाकारत नाही. आता माझ्याकडे तीनशे सीसीची साधी, उभ्या बसण्याची गाडी आहे. पार्किंगमध्ये तिच्याकडे कुणी बघत नाही. बाबा अजून चढताना माझ्या खांद्यावर हात ठेवतात, पण चढतात.