शेरा मारण्याआधी झोप विचारा

पावसाळ्यात मोरा बंदरापासून उरण-पनवेलपर्यंत घराघरांच्या भिंतींना ओल चढते, कोपऱ्यांत काळी बुरशी धरते, गोधड्या धड वाळत नाहीत. दमट अंथरुणात धुळीतले माइट हे सूक्ष्म जीव पोसतात. पाऊस सरला की जेएनपीए बंदराकडे धावणाऱ्या ट्रेलरची धूळ आणि धूर असतोच. अशा हवेत ॲलर्जी असलेले मूल रात्री तोंड उघडे टाकून झोपते, तळहाताने नाक वर घासत राहते, कोपराच्या खोबणीतले इसब रक्त येईपर्यंत खाजवते. सकाळी वर्गात तेच मूल पेंगते, चिडते, शेजारच्याला ढकलते आणि प्रगतिपुस्तकावर शेरा पडतो, ‘लक्ष देत नाही’. माझे म्हणणे एवढेच, की तो शेरा मारण्याआधी मुलाचे नाक, छाती, त्वचा आणि झोप तपासली गेली पाहिजे.

याला आधार आहे. जर्मनीतील योखेन श्मिट व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात मांडलेल्या अभ्यासात इसब असलेल्या मुलांमध्ये अतिचंचलतेचे, म्हणजे एडीएचडीचे, निदान अधिक आढळले; ज्यांची झोप मोडत होती त्यांच्यात हा संबंध जास्त ठळक होता. ब्रिटनमध्ये सुमारे १,८०० विद्यार्थ्यांच्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, परीक्षेच्या दिवसांत ॲलर्जीची सर्दी असलेल्यांची श्रेणी सराव परीक्षेपेक्षा घसरण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी जास्त दिसली. पेंग आणणारे औषध घेणाऱ्यांत ती सुमारे ७० टक्क्यांनी जास्त होती.

यावर कोणी म्हणेल, दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. खरेच आहे. दोहोंचे मूळ एकाच आनुवंशिकतेत असू शकते, आणि अतिचंचलता ॲलर्जीशिवायही असतेच. तिच्यावर वेगळे उपचार लागतात. पण नाक मोकळे करणे, खाज थांबवणे, झोप पुरी होऊ देणे यासाठी कार्यकारणाचा निवाडा होईपर्यंत थांबायची गरज नाही. ‘आजाराच्या नावाखाली मुले लाडावतील’ ही भीतीही चुकीची आहे. खरे कारण न शोधता शिक्षा करणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. उलट बाजूही पाहायला हवी: मॉन्टेलुकास्ट या ॲलर्जी-दम्याच्या औषधाने काही रुग्णांत वर्तन आणि मनःस्थिती बदलते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. हे औषध सुरू झाल्यावर मूल बदलले, तर ते डॉक्टरांना लगेच सांगावे. मनानेच गोळ्या चालू-बंद करू नयेत.

यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत इसब आणि दम्यासारखा श्वासाचा त्रास आहे, तशीच अध्ययन अक्षमता आणि अतिचंचलताही आहे. शाळेत येणाऱ्या पथकाने या नोंदी एकमेकींशी ताडून पाहाव्यात. शिक्षकांनी तक्रारीसोबत पालकांना एक प्रश्न विचारावा: रात्री झोप लागते का? आणि पालकांनी त्याचे उत्तर घेऊन आधी डॉक्टरांकडे जावे. बोल लावायला नंतरही वेळ आहे. मुलाची वाया जाणारी वर्षे मात्र परत येत नाहीत.