फळझाडांची वहिवाट

परमुलखात गेलेल्या प्रवाशाने तेथील अपरिचित फळे अवश्य चाखावीत. परंतु ज्या अरण्याने आणि ज्या माणसांनी ती पिढ्यानपिढ्या राखली, त्यांची विचारपूस केल्यावाचून हा रसास्वाद अपुराच राहतो, असे माझे मत बोर्निओ बेटावरील मलेशियाचा सारावाक प्रांत पाहिल्यापासून दृढ झाले आहे.

राजधानी कुचिंगपासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या सेरियानच्या बाजारात, वर्षअखेरच्या हंगामात, बिदायुह जमातीच्या स्त्रिया आपल्या रानातील फळांचे वाटे मांडून बसतात. मँगोस्टीनच्या जांभळ्या फळाच्या बुडाशी जितक्या पाकळ्यांची नक्षी, तितक्याच शुभ्र फोडी आत निघतात. आणि हे फळ आपल्या कोकमाच्याच कुळातील असल्यामुळे कोकणच्या माणसाला ते सर्वस्वी परके वाटत नाही. फणसाच्या गोत्रातला तराप हाताने सहज उकलतो आणि आत पांढऱ्या, सुगंधी गऱ्यांचा घोस दिसतो. मात्र फोडल्यावर हे गरे लवकरच काळवंडत असल्याने ज्याला ते खायचे असतील, त्याने तेथवर जाणेच प्राप्त आहे. दबाईचे काळेभोर फळ कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवले की त्याचा पिवळा गर लोण्यासारखा मऊ होतो, पण पाणी उकळते असले तर तोच गर कठीण होऊन बसतो, हे विकणारी बाई आधी बजावते आणि मगच पैसे घेते.

दुरियानची महती मात्र वेगळीच. ज्याच्या उग्र वासामुळे कित्येक हॉटेलांत त्याला मज्जाव असतो, त्याच फळासाठी पूर्वेचा प्रवास करणेही सार्थकी लागेल, असा अभिप्राय निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८६९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात दिला होता. या वृक्षाची फुले सायंकाळी उमलतात आणि त्यांचे परागण मुख्यतः गुहांत राहणारी मकरंदभक्षी वटवाघळे करतात. हीच वटवाघळे रात्री दूरवर उडत जाऊन खारफुटीच्या फुलांवरही उपजीविका करतात. म्हणून या गुहा असलेल्या चुनखडीच्या डोंगरात सुरुंग लागले किंवा खाडीकाठची खारफुटी तोडली गेली, तर कित्येक कोस दूरच्या झाडावर फळ धरणे दुरापास्त होते.

अरण्याइतकाच माणसाचा हक्कही या झाडांत गुंतला आहे. सारावाकच्या १९५८ च्या जमीन कायद्याने स्थानिक जमातींचा परंपरागत हक्क ज्या कारणांनी निर्माण होतो असे मानले, त्यांत १ जानेवारी १९५८ पूर्वी केलेली फळझाडांची लागवड हे एक कारण आहे. ज्यांच्यापाशी सरकारी दप्तरातील कागद नाही, त्यांच्यासाठी आजोबांनी लावलेला दुरियान हाच वहिवाटीचा दाखला ठरतो. तेलताडाच्या मळ्यासाठी असे झाड तोडले गेले, म्हणजे फळाबरोबर पुरावाही जातो.

बाजारपेठेची ओढ मात्र ही जुनी झाडे राखण्याच्या उलट दिशेची आहे. चीनमधील मागणीमुळे मलेशियात ‘मुसांग किंग’ या एकाच कलमी वाणाच्या बागा विस्तारत आहेत, आणि केशरी गराच्या रानटी दुरियानांसारखे अनेक प्रकार केवळ गावच्या बाजारापुरते उरले आहेत. असे प्रकार गावकऱ्यांनी जपले तरच टिकतात, याचे उदाहरण बोर्निओच्याच इंडोनेशियन भागातील दक्षिण कालीमंतानमध्ये आहे: तेथील कस्तुरी नावाचा आंबा रानातून नाहीसा झाला असून गावकऱ्यांनी आपल्या परसात व बागांत जपला, म्हणूनच तो आज शिल्लक आहे.

या जपणुकीला पाहुण्याचा हातभार लागू शकतो. बोर्निओला जाणाऱ्या मराठी प्रवाशांना माझी विनंती आहे, की हॉटेलातील चिरून मांडलेल्या तबकावर समाधान न मानता त्यांनी गावच्या बाजारात जावे, ज्या फळाचे नावही कधी ऐकले नाही ते उत्पादकाकडूनच रास्त दाम देऊन घ्यावे, आणि ते कोणाच्या रानातले, झाड कोणी लावलेले, हेही आवर्जून विचारावे.