चाला, पण हिशेबही मागा



सुझन कोमेन ही अमेरिकन स्त्री १९८० साली स्तनाच्या कॅन्सरने ३६ व्या वर्षी वारली. तिच्या बहिणीने १९८२ मध्ये संस्था काढली आणि १९८३ मध्ये डल्लास शहरात पहिली मदत-दौड भरवली. पुढे तीन दिवसांत ६० मैल चालून देणग्या जमविण्याचे उपक्रम निघाले.

उपक्रम स्तुत्यच आहे. पण युनियनची वर्गणी देताना आपण पावती मागतो, वर्षाअखेर हिशेब विचारतो. तसेच येथेही विचारावे. टी-शर्ट, मंडप, जाहिरातीवर किती गेले आणि संशोधनाला किती?

कारण संशोधनाच्या पैशाने जीव वाचतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलने १९९८ पासून वीस वर्षे, वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्यांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दोन-दोन वर्षांनी, यंत्राविना, हातानेच केली. तपासलेल्या पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले.

अशी स्वस्त तपासणी रेल्वे कॉलनीत आणि पोस्टाच्या क्वार्टर्समध्ये का नको? देणगी जरूर देऊ, चालूही. मात्र देणगीचा हिशेब आणि आपल्या आया-बहिणींची तपासणी, या दोन्ही मागण्या लावून धरू.